वाचनकक्षातला पडदा: किशोरांसाठीच्या चित्रपट पार्टीचा अनुभव

वर्षअखेरच्या सुट्टीत एका सार्वजनिक ग्रंथालयाने 13 ते 18 वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी चित्रपट पार्टी आयोजित केली होती आणि माझ्या 14 वर्षांच्या भाचीने तिथे नाव नोंदवले होते. पालकांना आत बसायची परवानगी नव्हती, मात्र दारापाशी नोंदवही सांभाळण्यासाठी दोन मोठ्या माणसांची गरज होती, म्हणून मी मदतीला गेले. "मावशी, तू दारापाशीच बस, आमच्याकडे सारखी बघू नकोस," अशी तिची अट होती आणि ती मी शक्य तितकी पाळली. त्यामुळे हे परीक्षण मुलाला सोडून गेलेल्या आणि नंतर घ्यायला आलेल्या पालकाचे नाही. पडदा टांगण्यापासून सतरंज्या गुंडाळेपर्यंतचे जवळजवळ साडेचार तास मी तिथे होते. माझे मत आधीच सांगते. अशी पार्टी तुमच्या ग्रंथालयात होत असेल तर घरातल्या मुलांना जरूर पाठवा. पण या ग्रंथालयाने दोन बाबतींत, म्हणजे उपशीर्षकांच्या आणि चित्रपट संपल्यानंतरच्या वेळेच्या बाबतीत, जी चूक केली ती पुढच्या वेळी सुधारलीच पाहिजे, कारण तिचा त्रास नेमका त्या मुलांना झाला ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता.

या वयाच्या मुलांची ग्रंथालयात फार कुचंबणा होते. बालविभागातल्या ठेंगण्या खुर्च्यांत त्यांचे गुडघे मावत नाहीत आणि मोठ्यांच्या वाचनकक्षात दोघे जण कुजबुजले तरी चार माना वर होतात. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला जागा म्हणून ती येतात, परीक्षा संपली की दिसेनाशी होतात. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, किशोरांच्या सेवेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत आणि त्यांत साधारण 12 ते 18 हा वयोगट वेगळा मानला आहे. लहान मुले आणि प्रौढ यांच्या मधला हा गट कोणत्याच विभागात बसत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे. म्हणून एका दुपारी मोठा वाचनकक्ष पूर्णपणे त्यांच्या हवाली करणे हीच मला या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

आणि जागा नुसती दिली नव्हती, निर्णयही त्यांच्याकडे दिला होता. ग्रंथालयात नियमित येणाऱ्या आठ मुलामुलींचा एक गट करून त्यांच्याबरोबर ग्रंथपालबाईंनी दोन महिने आधीपासून बैठका घेतल्या होत्या. चित्रपट कोणता, बसायची व्यवस्था कशी, खाऊ किती, दारावरच्या पाटीवर काय लिहायचे, हे सगळे त्या गटाने ठरवले. ग्रंथपालबाईंनी स्वतःकडे तीनच गोष्टी ठेवल्या: निवडलेला चित्रपट 13 वर्षांच्या मुलाला पाहता येईल अशा प्रमाणपत्राचा असावा, तो दोन तासांच्या आत संपावा आणि त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी ग्रंथालयाला मिळालेली असावी. या मर्यादेत मुलांनी तीन नावे काढली आणि मतदान घेतले. माझ्या भाचीचे मत हरलेल्या चित्रपटाला होते, तरी ती तेवढ्याच उत्साहाने गेली, कारण मतदान कसे झाले हे तिने स्वतः पाहिले होते.

परवानगीचा मुद्दा पालकांना बहुधा माहीत नसतो आणि त्यातूनच या वेळी एक गैरसमज झाला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. चित्रपटाची डिस्क ग्रंथालयाने विकत घेतली आहे, ती सभासदांना घरी नेता येते, म्हणून ती सभागृहात सर्वांना दाखवता येते असे नाही. घरच्या लोकांनी घरी पाहणे वेगळे आणि लोकांना बोलावून दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते, मग तिकीट लावलेले असो वा नसो. घरगुती वापराच्या ऑनलाइन खात्यावरून असा खेळ लावणे हेही सर्वसाधारणपणे त्या सेवेच्या अटींत बसत नाही. काही देशांत ग्रंथालयांसाठी वार्षिक परवाने मिळतात, पण अशा परवान्यांत बऱ्याचदा एक अट असते की चित्रपटाचे नाव बाहेरच्या जाहिरातीत छापायचे नाही. इमारतीच्या आत आणि सभासदांना ते सांगता येते. या ग्रंथालयाचा परवाना याच प्रकारचा होता. परिणामी बाहेरच्या फलकावर नुसते 'सुट्टीतला चित्रपट' एवढेच लिहिले होते आणि दोन पालकांना वाटले की नाव मुद्दाम लपवले आहे. त्यांचा राग मला समजतो. मूल काय पाहणार आहे हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. फलकाखाली 'चित्रपटाचे नाव आत विचारा' अशी एक ओळ लिहिली असती तर दारात झालेली वादावादी टळली असती.

आता मांडणीविषयी. वाचनकक्षाला पश्चिमेकडे तीन उंच खिडक्या आहेत आणि खेळ दुपारी 4 वाजता होता, म्हणजे उजेड हाच पहिला शत्रू होता. प्रोजेक्टरबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती अशी की प्रोजेक्टर पडद्यावर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा तेवढा तुकडा उजेडाविना सोडलेला असतो. खोलीत जितका उजेड असेल तितकाच पडद्यावरचा काळोख फिका होतो. गटातल्या मुलांनी हे आदल्या दिवशी रंगीत तालीम करून पाहिले होते. जाड काळ्या कागदाचे मोठे ताव त्यांनी चिकटपट्टीने खिडक्यांना लावले आणि दोन पडद्यांच्या फटीत वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात ते चिमटे लावले. बाहेर जाण्याच्या दारावरचा हिरवा दिवा मात्र त्यांनी झाकला नाही, तो झाकायचा नसतो हे त्यांना कोणीतरी नीट समजावले होते.

प्रोजेक्टर पुस्तकांच्या ढकलगाडीवर ठेवला होता आणि गाडी बुटकी असल्यामुळे तो वरच्या बाजूला तोंड करून लावावा लागला, तेव्हा पडद्यावर चित्र वर रुंद आणि खाली निमुळते दिसू लागले. एका स्वयंसेवकाने मेनूतून ते चौकोनी करायला घेतले, तेवढ्यात 16 वर्षांची एक मुलगी म्हणाली, "दादा, तसं केलं तर चित्र थोडं पुसट होतं, आपण प्रोजेक्टरच वर उचलू." तिचे म्हणणे बरोबर होते. मेनूतली दुरुस्ती चित्राच्या कडा दाबून आकार सरळ करते आणि तेवढे बारकावे कमी होतात. प्रोजेक्टर पडद्यासमोर योग्य उंचीवर आणला की त्या दुरुस्तीची गरजच राहत नाही. मग अभिलेख विभागातून रद्दीत काढलेले जुने बांधीव अंक आले, त्यांची थप्पी गाडीवर रचली गेली, तिच्यावर प्रोजेक्टर बसला आणि चित्र काटकोनात आले. त्या मुलीने खाली वाकून एका डोळ्याने थप्पीची पातळी पाहिली, वरच्या अंकाखाली दुमडलेल्या कागदाची एक घडी सरकवली आणि मगच ती बाजूला झाली. हे दहा मिनिटांचे काम पाहताना मला जे समाधान वाटले ते सांगता येत नाही. मोठ्या माणसाने हे परस्पर करून टाकले असते तर पाच मिनिटे वाचली असती आणि तिचे ज्ञान तिच्याजवळच राहिले असते.

आवाज समाधानकारक होता. दोन्ही स्पीकर पडद्याच्या शेजारी कानाच्या उंचीवर ठेवल्याने संवाद चित्रातूनच येत असल्यासारखे वाटत होते, आणि पुढच्या रांगेत सतरंज्या, मध्ये गाद्या व लोड, मागे खुर्च्या अशी चढती मांडणी केल्याने कोणाचेही डोके कोणाच्या आड येत नव्हते. खाऊ साधा होता, प्रत्येक डब्यावर त्यातले घटक ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि पिशव्या कापडी होत्या, म्हणून चित्रपट चालू असताना कागद चुरगळल्याचा आवाज आला नाही. ही युक्ती चित्रपटगृहांनीही उचलावी अशी आहे.

उपशीर्षकांचे मात्र चुकलेच, आणि ते चुकायला नको होते. नावनोंदणीच्या अर्जात 'आपल्याला काही विशेष सोय हवी आहे का?' असा रकाना होता. श्रवणयंत्र वापरणाऱ्या एका मुलाने त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले होते की संवाद पडद्यावर अक्षरांत दिसायला हवेत. अर्ज फायलीत लागला आणि तो रकाना कोणी वाचलाच नाही. चित्रपट सुरू झाल्यावर तो मुलगा पहिली वीस मिनिटे शेजारच्या मित्राच्या तोंडाकडे पाहत होता, कारण मित्र अंधारात त्याला संवाद सांगायचा प्रयत्न करत होता. अखेर तो मित्रच उठून माझ्यापाशी आला, मी ग्रंथपालबाईंना गाठले आणि चित्रपट थांबवून उपशीर्षके लावली गेली. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ज्या मुलाने इतक्या आधी, रीतसर, लेखी कळवले होते, त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाईल अशी वेळ आणणे हा त्याच्यावर अन्याय होता आणि ग्रंथपालबाईंनी कार्यक्रम संपल्यावर त्याची मनापासून क्षमा मागितली, हेही नमूद केले पाहिजे.

माझे म्हणणे असे आहे की अशा कार्यक्रमात उपशीर्षके मागितल्यावर लावायची गोष्ट असू नये, ती सुरुवातीपासून असावीत. त्यातही नुसत्या संवादांची उपशीर्षके आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली उपशीर्षके यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात दार आपटल्याचा आवाज, दूरवरची शिट्टी, संगीत थांबणे हेही लिहिलेले असते, आणि डिस्कवर दोन्ही प्रकार असतील तर दुसरा निवडावा. चित्रपट पुन्हा सुरू झाल्यावर मी मुद्दाम पाहिले, चांगले ऐकू येणारी मुलेही ती अक्षरे वाचत होती. चित्रपटाची भाषा घरी न बोलणाऱ्या दोन बहिणी तर त्यानंतर पुढे सरकून बसल्या. वाचनासाठी उभ्या असलेल्या वास्तूत पडद्यावर अक्षरे असण्याचे कोणाला वावडे असण्याचे कारण नाही.

इतर बाबतींत काळजी चांगली घेतली होती. चित्रपटात लखलखत्या उजेडाचे एक दृश्य होते, त्याची सूचना दारावर आणि सुरुवातीला तोंडीही दिली गेली. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश काही जणांना अपस्माराचा झटका आणू शकतो, म्हणून ही सूचना म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. शेजारची संदर्भ विभागाची छोटी खोली दिवा लावून उघडी ठेवली होती; गर्दीचा किंवा आवाजाचा ताण आला तर कोणाला न विचारता तिथे जाऊन बसता येत होते, आणि एक मुलगा खरोखरच दोनदा जाऊन आला. छायाचित्रे नको असलेल्यांनी कपड्यावर पिवळी टिकली लावायची होती. मोबाइल कोणाचेही काढून घेतले नाहीत, फक्त पडदे झाकून ठेवायला सांगितले, आणि एवढ्या विश्वासावर ते काम झाले.

साधारण पावणेपाचच्या सुमारास एक ज्येष्ठ वाचक दारात आले. रोज याच वेळी ते वर्तमानपत्रे वाचायला येतात. "अहो, वाचनकक्ष बंद आणि आत सिनेमा? ग्रंथालयात?" असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुःख जास्त होते. वाचनकक्ष बंद असल्याची सूचना फक्त संकेतस्थळावर होती आणि ते संकेतस्थळ पाहत नाहीत. ही ग्रंथालयाची चूक होती, रोजच्या वाचकांच्या टेबलावर आठवडाभर आधी एक कागद ठेवायला हवा होता. पण त्यांच्या मूळ प्रश्नाशी मी सहमत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला शेवटचा नियम ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे असे सांगतो, आणि युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही, जो 1949 मध्ये पहिल्यांदा निघाला आणि 1994 व 2022 मध्ये इफ्लाबरोबर नव्याने लिहिला गेला, वयाचा भेद न करता सर्वांना समान सेवा द्यावी असेच तत्त्व आहे. मी त्यांना एवढेच म्हटले की काका, ही मुले आज पडद्यासाठी आली आहेत, पण ती आली आहेत. त्यांनी दाराच्या काचेतून आत पाहिले, थोडा वेळ उभे राहिले आणि संदर्भ विभागात वर्तमानपत्र आणून दिल्यावर तिथे बसले.

एकत्र पाहण्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमधल्या एका कॅफेच्या तळघरात पैसे घेऊन चित्रपटांचा आपला पहिला जाहीर खेळ केला तो 28 डिसेंबर 1895 रोजी, म्हणजे वर्षअखेरच्या याच दिवसांत. प्रत्येकी मिनिटभराचेही नसलेले दहा लघुपट होते आणि पैसे भरून आलेले प्रेक्षक अवघे 33. आमच्या वाचनकक्षातली मुले जेमतेम तेवढीच होती. आज या प्रत्येकाच्या खिशात चित्रपट दाखवणारे यंत्र आहे, ती घरी कानात बोंडे घालून वाटेल ते पाहू शकतात. तरीही चित्रपटातला मुलगा बऱ्याच काळाने घरी परततो आणि दार ठोठावण्याआधी हात मागे घेतो त्या क्षणी खोलीत जी शांतता पसरली ती एकट्याने पाहताना पसरत नाही. मागच्या खुर्चीवरचा एक उंच मुलगा, जो सुरुवातीपासून मोठ्याने शेरे मारत होता, त्याने त्या वेळी गुडघ्यावरची उशी छातीशी घट्ट धरली होती.

आणि नेमके यानंतर दुसरी चूक झाली. शेवटचे दृश्य संपून श्रेयनामावली सुरू झाली न झाली तोच कोणीतरी सगळे दिवे लावले आणि प्रोजेक्टर बंद केला. इमारत ठरलेल्या वेळेला बंद करायची होती, सुरुवातीला खिडक्या झाकण्यात, दारातल्या वादावादीत आणि मधल्या थांबण्यात वेळ गेला होता, हे कारण मला मान्य आहे. पण ज्या संस्थेत लेखक, अनुवादक, चित्रकार आणि संपादक यांची नावे नोंदवल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही, तिथे चित्रपट घडवणाऱ्या शेकडो माणसांची नावे अर्ध्यात तोडू नयेत. माझी भाची चित्रे काढते. पार्श्वभूमीची चित्रे रंगवणाऱ्यांची नावे लिहून घ्यायला ती वही उघडून बसली होती आणि पहिले नाव अर्धे लिहून झाले तेव्हा पडदा पांढरा झाला.

त्यानंतरच्या चर्चेसाठी अर्धा तास ठरला होता, त्यातली दहा मिनिटे उरली. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा, चिठ्ठ्या टोपलीत टाकायच्या आणि 17 वर्षांच्या एका मुलीने त्या काढून सर्वांपुढे ठेवायच्या, अशी सुंदर योजना होती. लाजाळू मुलांचे प्रश्न असे आपोआप पुढे येतात. पहिली चिठ्ठी निघाली: 'त्याने घर सोडताना आईला का सांगितलं नाही?' यावर एकाच वेळी पाच जण बोलायला लागले, एकीने ठामपणे सांगितले की आईला माहीतच होते, दुसऱ्याने चित्रपटातला पुरावा मागितला, आणि वाद रंगात येतो आहे तोच सतरंज्या उचलायची सूचना झाली. बाकीच्या चिठ्ठ्या टोपलीतच राहिल्या. घरच्या पडद्यावर न मिळणारी गोष्ट हीच होती आणि तिच्यासाठीच वेळ उरला नाही. चित्रपट दोन तासांच्या आत असावा हा नियम होता. त्याऐवजी तो दीड तासाच्या आसपास असावा असे ठरवले तर चर्चेचा वेळ हक्काने उरेल.

दाराजवळच्या टेबलावर पुस्तके मांडली होती: पटकथा कशी लिहितात, ॲनिमेशन कसे करतात, आणि घर सोडून गेलेल्या व परतलेल्या माणसांच्या काही कादंबऱ्या. 'वाचा' असा आग्रह कुठेही लिहिलेला नव्हता, आणि जाताना सभासदपत्र दाखवून तिथल्या तिथे पुस्तक नेता येत होते. टेबल माझ्याच शेजारी असल्यामुळे मी पाहिले की निघेपर्यंत ते बरेचसे रिकामे झाले होते. उशी छातीशी धरलेल्या त्या उंच मुलाजवळ सभासदपत्र नव्हते. त्याने एक कादंबरी तीनदा उचलून ठेवली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी त्याला अर्ज दिला आणि कुलूप लावणाऱ्या कर्मचाऱ्याला आणखी पाच मिनिटे थांबायला सांगितले.

निघताना मी अभिप्रायवहीत उपशीर्षके, श्रेयनामावली, चर्चेचा वेळ आणि ज्येष्ठ वाचकांसाठी आगाऊ सूचना असे चार मुद्दे सविस्तर लिहिले. भाचीने माझ्या हातून पेन घेऊन खाली लिहिले की टोपलीतल्या चिठ्ठ्या फेकू नका, पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्यासाठी येतो, फक्त खोली द्या. मंगळवारी ग्रंथालयातून तिला फोन आला: खोली दोन तासांसाठी मिळेल, चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत, आणि तिला हवी असलेली नावे पाहण्यासाठी डिस्क तिच्या नावावर राखून ठेवली आहे.